प्रवचन सोमवारी सुरू होतं

प्रश्न एका तरुण धर्मगुरूंचा आहे. गुरुदीक्षा होऊन वर्ष झालं, आता ते वसई धर्मप्रांतातल्या एका मोठ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सहायक आहेत. ते लिहितात: ‘दर शनिवारी रात्री ११ वाजेपर्यंत बायबलवरची भाष्यं उघडून बसतो, चार पानं लिहितो. तरी रविवारी तिसऱ्या मिनिटाला लोकांच्या नजरा माझ्यावरून उठतात. तरुण मुलं बाहेर आवारात गाड्यांवर बसून राहतात. दुसरं म्हणजे, ख्रिस्त इतरांपर्यंत न्या असं मी वेदीवरून सांगतो, पण न्यायचा कसा, हे मलाच नीट सांगता येत नाही. मी काय करू?’

फादर, तुमच्या पत्रातला ‘शनिवारी रात्री’ एवढाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. मीही पहिली सहा-सात वर्षं असाच शनिवारी बसत होतो. शनिवारी माणूस फक्त लिहू शकतो. ऐकायचे दिवस तोवर निघून गेलेले असतात. तुमचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. ज्याला आधी ऐकता येतं, त्याचं प्रवचन लोक ऐकतात, आणि त्याच्या तोंडचा ख्रिस्त शेजाऱ्यालाही ऐकावासा वाटतो.

होमिली, म्हणजे मिस्सातलं (आपल्या रविवारच्या उपासनेतलं) प्रवचन, हा शब्दच बघा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आपसातलं बोलणं. संत लूकने त्याचं क्रियापद येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या, अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या प्रसंगात वापरलंय, तेही येशूसाठी नव्हे. उदास होऊन घरी निघालेले ते दोन शिष्य एकमेकांशी जे बोलत होते, त्यासाठी. म्हणजे पहिली होमिली लोकांचीच होती. येशू मागून आला, त्यांच्या चालीने चालू लागला आणि त्याने विचारलं, तुम्ही कशाविषयी बोलताय? त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने त्यांना पूर्ण बोलू दिलं. ‘आम्हाला आशा होती,’ हे त्यांच्या तोंडून बाहेर पडल्यावरच त्याने मोशे आणि संदेष्टे उलगडले. आपण नेमका हा पहिला अर्धा भाग गाळतो आणि थेट मोशेपासून सुरुवात करतो.

म्हणून माझा आठवडा सोमवारी सकाळी सुरू होतो. येत्या रविवारचं शुभवर्तमान मी मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचतो. भाष्य उघडत नाही. कुठला शब्द टोचला, काय समजलं नाही, कुठे मला राग आला, एवढंच वहीत टिपतो. मग तो उतारा खिशात ठेवल्यासारखा घेऊन घराघरांत, दवाखान्यात, कबरस्तानात, शाळेत फिरतो. भाष्य उघडतो ते बुधवारी, कारण सोमवारीच उघडलं तर त्या पंडिताचे प्रश्न माझे होऊन बसतात आणि माझ्या लोकांचे प्रश्न दाराबाहेर राहतात. गुरुवारी रात्रीपर्यंत एक वाक्य हाती यायला हवं, कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य. ‘क्षमा’ हा विषय झाला, वाक्य नव्हे. ‘बापाने मुलाला दुरून पाहिलं, म्हणजे तो रोज वाटेकडे बघत होता,’ हे वाक्य. ते सापडलं नाही तर शुक्रवारी मी लिहायला बसत नाही, पुन्हा वाचायला बसतो.

हे कसं घडतं ते एका उताऱ्यावरून सांगतो, कारण त्याने मला फार शिकवलं. मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं; त्यातल्या ‘अ’ वर्षाच्या सामान्य काळातल्या (सणांच्या काळाबाहेरच्या) २५ व्या रविवारी तो येतो. धनी पहाटे मजूर लावतो, मग सकाळी ९ ला, दुपारी १२ ला, ३ ला, आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असताना ५ वाजता. मजुरी मात्र सगळ्यांना एक दिनार, त्या काळची एका दिवसाची रोजी. कितीतरी वर्षं मी यावर एकच प्रवचन करत आलो: दुसऱ्याचं बरं झालं तर जळू नका. लोक मान डोलवायचे. मलाही वाटायचं, जमलं.

एका वर्षी त्या आठवड्यात मी एका गवंडीकाम करणाऱ्या माणसाच्या घरी बसलो होतो. पूर्वी तो रोज पहाटे नाक्यावर काम शोधायला उभा राहायचा. गोष्ट त्याला वाचून दाखवली आणि विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘फादर, काम न मिळालेला माणूस बसत नाही. बसला तर मुकादमाला वाटतं, हा आळशी आहे. तो उभाच राहतो. दिवसभर उभं राहून माणूस कामापेक्षा जास्त दमतो. आणि संध्याकाळी भरलेला डबा तसाच घरी न्यायचा, ते सगळ्यांत वाईट. बायको उघडून बघते.’

घरी येऊन मी उतारा पुन्हा काढला. धन्याचा प्रश्न आहे: तुम्ही सारा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात? उभे. ग्रीकमध्येही तसंच आहे, मराठीतही आहे, आणि मी वीसेक वर्षं तो शब्द वाचून पुढे गेलो होतो. त्यांचं उत्तरही किती साधं: आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. त्यात आळस नाही, तक्रारही नाही. मग आणखी एक गोष्ट नजरेत भरली. पुढे कथेत या धन्याचा कारभारी येतो, पैसे तोच वाटतो. म्हणजे मजूर आणायला त्याला पाठवता आलं असतं. तरी धनी दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात जातो. संध्याकाळी ५ वाजता तासाभराच्या कामासाठी कोण मजूर शोधतो? त्याला कामाची गरज नव्हती. तो त्या उभ्या माणसांसाठी गेला होता.

त्या रविवारचं माझं वाक्य झालं: ‘देव शेवटच्या तासालाही बाजारात येतो, कारण त्याला रिकामा उभा असलेला माणूस बघवत नाही.’ पहिलं वाचन यशयाचं होतं, ‘माझे विचार म्हणजे तुमचे विचार नव्हेत.’ ते आपोआप जुळलं. (सामान्य काळातल्या रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाला धरूनच निवडलेलं असतं. दुसरं वाचन पौलाच्या पत्रातून आपल्या क्रमाने पुढे सरकत असतं. त्यालाही ओढूनताणून बांधायला गेलात की प्रवचनाला तीन तोंडं फुटतात. त्याला सोडून द्या.) त्या दिवशी मी जळण्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मिस्सानंतर नोकरी गेलेला एक बाप आला आणि काही न बोलता माझा हात धरून उभा राहिला. ते प्रवचन माझं नव्हतं. ते त्या गवंड्याचं होतं, आणि त्याच्याही आधी मत्तयचं.

आता तुमच्या चार पानांबद्दल. वाचनपीठावर मी मिनिटाला साधारण १०० शब्द बोलतो. जुन्या उंच चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे याहून सावकाश. म्हणजे ८०० शब्द झाले की थांबायचं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जून महिन्यात आठ मिनिटांची मर्यादा सांगितली होती, लोक झोपतात हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला दोष दिला नाही. तो खाली उतरला आणि त्याने त्या पोराला कवेत घेतलं. बाहेर गाड्यांवर बसलेल्या तुमच्या मुलांकडे त्या नजरेने बघा. त्यांच्यावर वेदीवरून रागावू नका, कारण तो राग आत बसलेल्यांनाच ऐकावा लागतो. मिस्सा संपल्यावर त्यांच्यात जाऊन उभे राहा. माझ्या एका धर्मग्रामात ती मुलं आत यायला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला बराचसा वेळ मी त्यांच्याशी कबड्डीबद्दल बोलत होतो.

गोष्टी जरूर सांगा, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या नकोत. त्या लोकांनी तुमच्याआधी वाचलेल्या असतात, आणि बहुतेक कुणाच्याच आयुष्यात घडलेल्या नसतात. येशूच्या दाखल्यांतला माल बघा: राई, खमीर, जाळं, हरवलेलं नाणं, मध्यरात्री भाकर मागणारा शेजारी. आपल्याकडे काय कमी आहे? पानवेलीचा मांडव, राजेळीचं सुकेळं करताना घातलेले उन्हाचे दिवस, अर्नाळ्याला होडी लागली की होणारी धावपळ, विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून दिलेली जागा. पण एक गोष्ट जन्मभर पाळा. कबुलीसंस्कारात ऐकलेलं काहीही, नाव-गाव-काळ बदलूनसुद्धा, प्रवचनात येता कामा नये. घरभेटीत ऐकलेलंही त्या माणसाला विचारूनच सांगा. गवंड्याची गोष्ट मी त्याची परवानगी घेऊन सांगितली. एकदा माझ्याकडून चूक झाली. एका कुटुंबाचं दुःख मी ‘एक कुटुंब’ म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या बाईंनी मान खाली घातली. गावात ‘एक कुटुंब’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळतं. त्यांची क्षमा मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला. पण नंतर किती महिने त्या दुसऱ्या चर्चमध्ये मिस्साला जात होत्या.

भाषेविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण आपला वारसा इथे मोठा आहे आणि सेमिनरीत तो ओझरता शिकवला जातो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र रचलं ते आपल्या ओवीत, आणि १६१६ मध्ये ते राचोलला छापलं गेलं. परक्या देशातून आलेल्या या माणसाने आधी इथली भाषा कानात भरून घेतली, इथली माणसं पुराण कसं ऐकतात ते पाहिलं, मग लिहिलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांनी अभंगात ख्रिस्त गायला, कीर्तनात उभा केला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. टिळक, रमाबाई आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हेत, पण मराठीत ख्रिस्त कसा बोलतो हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

कीर्तनकाराकडून एक कसब मुद्दाम घ्या. तो एक अभंग धरतो, पूर्वरंगात उलगडतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि फिरून फिरून ध्रुवपदावर येतो. तुमचं गुरुवारचं वाक्य हे ध्रुवपद. ते प्रवचनात तीनदा, त्याच शब्दांत आलं पाहिजे. ‘तारण’, ‘नीतिमत्त्व’, ‘कृपा’ हे शब्द टाकून देऊ नका, पण उघडून दाखवल्याशिवाय वापरू नका. कृपा म्हणजे काय? संध्याकाळी ५ ला आलेल्याच्या तळहातावर पडलेला पूर्ण दिनार. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीला आणि इंग्रजी शाळेतल्या तिच्या नातवाला एकाच वेळी कळेल असं मराठी अवघड आहे खरं, पण लहान वाक्यांत ते सापडतं. मी लिहिलेलं मोठ्याने वाचतो. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडतो.

रागावणं, वर्गणी, सूचना यांना प्रवचनात जागा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या संविधानात सांगितलं की प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे. म्हणजे ते वेदीकडे नेणारं असलं पाहिजे. अम्माऊसलाही वाटेवरचं बोलणं भाकर मोडण्यापाशी जाऊन थांबलं. म्हणून माझं शेवटचं वाक्य बहुधा ‘असं करा’ असं नसतं. मी लोकांना धन्याच्या, बापाच्या, मेंढपाळाच्या समोर आणून उभं करतो आणि गप्प होतो. अर्धा मिनिट शांतता. ती शांतता लोकांना नकोशी होईल अशी भीती वाटते, पण होत नाही.

दुसरा प्रश्न, इतरांना ख्रिस्त कसा सांगावा. आधी काय करायचं नाही ते स्पष्ट असू द्या. त्याच व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या मिशनकार्यावरच्या हुकूमनाम्यात चर्चने कुणालाही बळाने किंवा आमिषाने विश्वासाकडे ओढायला सक्त मनाई केली आहे. भारताच्या संविधानाचं २५ वं कलम धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि समोरच्याच्या सदसद्विवेकाचं स्वातंत्र्यही त्याच ओळीत देतं. हे मी कायद्याच्या धाकाने सांगत नाही. आमिष दाखवून मिळालेला होकार येशूला नको होता. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा त्याने त्याला हाक मारून अट कमी केली नाही.

मग करायचं काय? पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय: तुमच्यात जी आशा आहे तिचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. ‘विचारलं तर’ हे लक्षात ठेवा. लोकांनी विचारावं असं जगणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे उत्तर तयार असणं, आणि तिथे आपले लोक अडखळतात. आमच्या धर्मग्रामातल्या एक बाई बँकेत नोकरी करतात. ऑफिसात कोणीतरी त्यांना ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण काय बोलावं सुचेना. आमच्या लहान ख्रिस्ती समूहात (शेजारच्या काही घरांच्या प्रार्थनागटात) आम्ही दोन तास त्यावरच बसलो. शेवटी त्यांनी स्वतःच उत्तर बांधलं: ‘त्या दिवशी येशू मेला. आम्ही उपवास करतो. तरी मराठीत त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात, कारण मारणाऱ्यांना क्षमा करत तो मेला, आणि माझ्या भावाला क्षमा करायला मला त्यानेच शिकवलं.’ पुढच्या वर्षी एका सहकारी बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी हे सांगितलं. ती बाई भावाबद्दलच विचारत राहिली, अर्धा तास. तिने बाप्तिस्मा घेतला नाही आणि तो मुद्दाही नव्हता. तिला येशूविषयी एक खरी गोष्ट कळली, जिने ती जगली होती तिच्या तोंडून.

असं उत्तर प्रत्येक घरात तयार व्हावं, दोन मिनिटांचं, आपल्या शब्दांत: येशू माझा कोण आहे आणि हे मला कुठे कळलं. तुम्ही आधी तुमचं लिहा. धर्मगुरूलाही ते सोपं जात नाही. मला तीन आठवडे लागले होते. प्रेषितांच्या कृत्यांतला फिलिप्प आठवा. तो त्या कूशी अधिकाऱ्याच्या रथाबरोबर धावला, विचारलं, वाचताय ते समजतंय का? आणि वर चढला तो त्याने बोलावल्यावर. शेजाऱ्याच्या आजारपणात प्रार्थना करायची असली तरी आधी विचारायचं, चालेल का? नाही म्हणाले तर डबा द्यायचा, घरी येऊन प्रार्थना करायची.

अंत्यविधीच्या मिस्साला या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून त्याची तयारी सगळ्यांत जास्त करा. रविवारी कधीच न येणारे, हिंदू, मुस्लिम, जैन शेजारी, ऑफिसातली माणसं, सगळी त्या दिवशी चर्चमध्ये असतात आणि खरंच ऐकत असतात. तिथे मृताची स्तुती करत बसू नये असं मिस्साचे नियमच सांगतात. पण मी त्याहून मोठी चूक केली होती. एका तरुण मुलाच्या अंत्यविधीला मी देवाची बाजू मांडायला निघालो. देवाने त्याला का नेलं, याची कारणं दिली. त्याची आई माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक ती देवापासून एक पाऊल मागे जात होती, हे मला दिसत होतं, तरी कागदावर होतं ते मी वाचत राहिलो. आता मी कारणं देत नाही. लाजरच्या कबरीपाशी येशू रडला, एवढ्या एका ओळीवर उभा राहतो आणि पुनरुत्थानाची आशा साध्या शब्दांत सांगतो. आदल्या रात्री त्या घरी जाऊन बसतो. बोलत नाही. काय सांगायचं ते बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

कागद न्यावा की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. न्या. त्यावर पूर्ण प्रवचन लिहू नका. पहिली तीन वाक्यं पूर्ण, ध्रुवपद ठळक, शेवटचं वाक्य पूर्ण, मधल्या टप्प्यांना एकेक शब्द. डोळे कागदावर राहिले नाहीत की लोकांच्या चेहऱ्यावर जातात, आणि तिसऱ्या मिनिटाला नजरा उठल्या तर तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. मंगळवारी तीन जणांना गाठा: एक आजी, एक दहावीतला मुलगा, एक रात्रपाळी करून आलेला. प्रवचन कसं झालं असं विचारू नका, ते चांगलंच म्हणतील. रविवारचं काय आठवतं, असं विचारा. काहीच आठवत नसेल तर तेही लिहून ठेवा. आणि या सोमवारचा उतारा दोनदा मोठ्याने वाचून, गुरुवारी तुमचं एक वाक्य मला पाठवा.